मिनीडीव्ही कॅसेटची डीव्हीडी करताना हलणाऱ्या माणसांच्या कडा फाटतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे, लांज्याजवळच्या गावी. तिथे रेंज जेमतेम, पण घरात डीव्हीडी प्लेयर आणि जुना डब्बा टीव्ही चालू आहेत. तिला चकती घातली की दिसलं पाहिजे, म्हणून डीव्हीडीच हवी.

त्यात २००४ मधल्या लग्नाची तासाभराची मिनीडीव्ही कॅसेट घालायची आहे. माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, त्यात मंगलाष्टकं म्हणतात. बाबा आता नाहीत आणि त्यांचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे. शिवाय नातेवाइकांनी मोबाईलवर केलेले शुभेच्छांचे व्हिडिओ, वीसेक मिनिटांचे.

आमचा कॅमेरा बिघडलाय, म्हणून कॅसेट इथे ठाण्यातच एका दुकानात दिली. त्यांनी एमपी४ करून दिली, ६४०×४८०, ३० फ्रेम. ती तशीच डिस्कवर टाकली तर प्लेयरने ओळखलीच नाही. मग डीव्हीडीस्टायलर या प्रोग्रामने रीतसर डीव्हीडी केली. लागते, पण बाबा अक्षता टाकायला हात उचलतात तिथे हाताला कंगव्यासारखे दाते येतात. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ८ मेगाबिट केला, काही फरक नाही. हँडब्रेक या प्रोग्राममध्ये डीइंटरलेस करून, म्हणजे असे दाते काढायचा फिल्टर लावून पाहिलं, तर दाते राहिले आणि चेहरा धूसर झाला. मोबाईलच्या भागात आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतो, ते वेगळंच.

नक्की कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, बिटरेटचा यात दोष नाही. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या कॅमेऱ्याची फ्रेम ७२०×५७६ ची, सेकंदाला २५. प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं, आणि त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. दुकानवाल्यांनी ती फील्ड वेगळी न करता ५७६ ओळी ४८० मध्ये दाबल्या. दोन क्षण एकमेकांत कालवले गेले, आता कुठलाही फिल्टर ते सुटे करणार नाही. त्या फाइलवर आणखी रात्री घालवू नका.

कॅसेट आहे ना? मग फायरवायरने, म्हणजे कॅमेरा थेट संगणकाला जोडणाऱ्या केबलने पुन्हा उतरवायची. कॅसेटवर मुळात डिजिटलच आहे, जसंच्या तसं येतं. तासाला साधारण १३ जीबी जागा लागेल.

त्यानंतर डीइंटरलेस अजिबात करू नका. डब्बा टीव्ही इंटरलेस्डच, म्हणजे एकामागून एक फील्ड असंच दाखवतो. एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार) करताना इंटरलेस्ड ठेवा आणि फील्ड ऑर्डर ‘बॉटम फर्स्ट’ द्या, डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. उलटं दिलंत तर तोच हात पुढे-मागे थरथरेल.

मोबाईलचा फ्रेमरेट कमीजास्त होत राहतो, म्हणून आवाज मागे पडतो. ते व्हिडिओ आधी स्थिर २५ फ्रेमवर आणा, मगच डीव्हीडीस्टायलरमध्ये घ्या. आवाज एसी३ या प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ. एफएफएमपेग या प्रोग्रामचं ‘पाल-डीव्हीडी’ टार्गेट (तयार सेटिंग) व्हिडिओला सेकंदाला ६ मेगाबिट देतं, तुमची ८० मिनिटं ४.७ जीबीच्या चकतीत आरामात बसतील.

कॅमेरा आणि फायरवायर कार्ड माझ्याकडे आहे, ऐरोलीला. कॅसेट घेऊन या. फक्त आधी तिचा फ्लॅप उचलून उजेडात टेप बघा. पांढरे ठिपके दिसले तर बुरशी असेल, मग ती कॅमेऱ्यात घालायची नाही.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. मी इतके दिवस सेटिंग बदलत बसले होते, कॅसेटकडे परत जायचं सुचलंच नाही. आत्ताच खिडकीत धरून पाहिली, टेप स्वच्छ काळी आहे, ठिपका नाही. रविवारी सकाळी चालेल का? हार्ड डिस्क मी आणते.

प्रतिसाद १

चालेल. दहाला या. पत्ता व्यनितून पाठवतो.