स्लायडर चासीला वेल्ड करायचे की बोल्टवर बसवायचे?

बोरिवलीकर जिमनीवाला
आपल्या ऑफरोडिंगच्या ग्रुपवर रॉक स्लायडरबद्दल (दगडापासून बचावाला दाराखाली, गाडीच्या चासीला म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला लावायचा जाड पाइप) एक पोस्ट फिरते आहे: "बोल्टचे रॉक स्लायडर म्हणजे शोभेची वस्तू. खरा ऑफरोडर चासीला वेल्डच मारून घेतो. कुठल्याही ग्रिल-गेटवाल्याकडे अर्ध्या दिवसात काम होतं." खाली नुसते अंगठे. वेल्ड मारल्यावर चासीच्या आतल्या बाजूचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

स्लायडर लावू नका, असं मी म्हणत नाही. तीन दारांच्या जिमनीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2250 मिमी, आपल्याकडच्या पाच दारांच्या जिमनीचा 2590. गाडी लांबली की पोट टेकणार आणि दगड नेमका दाराखालच्या पत्र्यावर येणार. तो पत्रा आत गेला की दार धड लागत नाही, मग कापून नवा जोडायचा. शोरूमवाले देतात ते फूटस्टेप तर जास्त घातक. दगडावर बसले की वाकून तेच पत्र्यात घुसतात. गाडीचं वजन स्लायडरमधून चासीवर गेलं पाहिजे, बॉडीला त्याने शिवताही कामा नये. इथपर्यंत त्या पोस्टवाल्याशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. चासीची पेटी आतून पोकळ असते आणि कारखान्यात ती रंगाच्या हौदात बुडवून आतूनही रंगवतात. बाहेरून वेल्ड मारला की तेवढ्या भागातला आतला रंग जळतो. बाहेर तुम्ही ग्राइंडर फिरवाल, प्राइमर माराल, काळा रंग द्याल. आत कोण शिरणार? त्यात आपली मुंबई. चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा. वर काशीद-रेवदंड्याच्या वाळूवर गाडी घालणारेही आपल्यात कमी नाहीत.

माझ्या मावसभावाच्या जिप्सीला असेच वेल्डचे स्लायडर होते. बाहेरून रंग चकचकीत. लिफ्टवर गाडी चढवून मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वेल्डच्या कडेला टेकवलं तर पापुद्रे सुटले, आणि दुसऱ्या दाबाला टोक आरपार गेलं. चासी बदलणं म्हणजे आरटीओचे खेटे वेगळेच. नाक्यावरच्या ग्रिलवाल्याला चासी म्हणजे काय ते कळत नाही, त्याच्या हातात गाडी देऊ नका.

वेल्डरचा मुलगा, लालबाग
माझे वडील माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. निवृत्तीनंतर त्यांनी चाळीच्या मागे ग्रिल-गेटचंच काम केलं. म्हणजे तुमच्या भाषेत ते नाक्यावरचे ग्रिलवाले. तेव्हा शब्द जरा जपून वापरा साहेब.

अख्खं जहाज वेल्डवर उभं असतं आणि आयुष्यभर खाऱ्या पाण्यात असतं. वेल्डमुळे गंज चढतो हे खोटं आहे. गंज चढतो तो कामचुकारपणामुळे. पाइप थेट चासीला चिकटवायचा नसतो. आधी चासीवर गोल कोपऱ्यांची प्लेट, मग प्लेटवर पाय. चासीच्या लांबीला आडवा छेद देणारा, वरून खाली सरळ वेल्ड मारायचा नाही, चीर तिथेच पडते. 7018 चा वेल्डिंग रॉड, तोही भट्टीत गरम ठेवलेला, कारण ओलावा धरलेल्या रॉडने मारलेला वेल्ड कधी तडकेल याचा भरवसा नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. चासीला लागून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या असतात, त्या आधी सोडवून बाजूला. हे सगळं माझ्या बापाला दहावी न करता माहीत होतं.

आणि बोल्टचं कौतुक किती करायचं? नाणेघाटाच्या अलीकडे आमच्यातल्या एकाची गाडी बाजूने घसरून दगडावर बसली. बोल्टचा स्लायडर फिरला, भोकं लांबट झाली, एक बोल्ट तुटला आणि पाइप सरळ पत्र्यात गेला. शिवाय बोल्टची प्लेट आणि चासी यांच्यामध्ये चिखल बसतो, तो धुऊन निघत नाही. तिथे गंज चढत नाही का?

बोरिवलीकर जिमनीवाला
तुमच्या वडिलांबद्दल मी काहीही बोललेलो नाही. पण जहाजाचा दाखला इथे लागू पडत नाही. जहाजात वेल्ड झाल्यावर माणूस टाकीत उतरून आतून रंग मारतो. चासीत हात जात नाही. आणि रॉडची भट्टी किती ग्रिलवाल्यांकडे पाहिलीत? साध्या 6013 रॉडचं पाकीट उघडं, पावसात शटरखाली पडलेलं. मी तेच पाहिलं आहे.

ठाणे थार
दोघेही कायदा विसरताय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी), त्यावर जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि 2019 च्या दुरुस्तीनंतरचं 182ए. प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 2017 च्या डिसेंबरात बुलबारवर, म्हणजे गाडीपुढच्या लोखंडी गार्डवर, केंद्राचं पत्र आलं तेव्हा लोकांनी रातोरात गार्ड काढले. बोल्टचा स्लायडर दोन पान्यांत निघतो. वेल्डचा कापावा लागतो आणि खूण कायमची राहते. माझ्या ओळखीत एकाचा विम्याचा दावा निव्वळ चासीवरच्या वेल्डवरून अडला. सर्व्हेअरने फोटो काढला आणि फाइल महिनोन्‌महिने तशीच.

वेल्डरचा मुलगा, लालबाग
कायदा वेल्ड आणि बोल्ट असा भेद करत नाही. बोल्ट काढून पोलिसांपासून लपवता येतो, एवढाच तुमचा मुद्दा. तसं सरळ म्हणा.

डस्टरवाला
माझ्या डस्टरला वेल्ड चालेल का?

वेल्डरचा मुलगा, लालबाग
नाही. मोनोकॉक आहे, खाली वेगळी चासीच नाही. पत्र्यावर वेल्ड माराल तर पहिल्याच दगडाला पत्र्यासकट उखडेल.

सड्यावरची, मुलुंड
पाइप कसा लावायचा यावर एवढं रामायण, पण गाडी कुठल्या दगडावर चढवायची यावर एक ओळ नाही! स्लायडर लागले की तुमची हिंमत वाढते आणि गाड्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, येतात. कातळावर बोटभर माती असते. तेवढ्यात सीतेची आसवं ही फुलं उगवतात, पाणथळीत बेडूक अंडी घालतात. एक चाक फिरलं की माती सरकते, पाण्याची वाट बदलते आणि पुढच्या पावसात तिथे नुसता कातळ उरतो. कास पठार 2012 मध्ये जागतिक वारशात गेलं म्हणून तिथे तिकीट तरी आहे. बाकीच्या सड्यांना कोण वाली? गेल्या पावसाळ्यात मी ज्या तळ्याकाठी बसून फुलांची नोंद केली, तिथे परत गेले तर दोन खोल चाकोऱ्या होत्या आणि त्यांत डिझेलचा तवंग.

ठाणे थार
ताई, आम्ही शेतकऱ्याची परवानगी घेऊन खासगी जमिनीवर जातो. आणि ट्रेकर फार सोवळे आहेत का? शनिवारी रात्री कळसूबाईला रांग लागते, हरिश्चंद्रगडावर सकाळी प्लास्टिकच्या बाटल्या वेचाव्या लागतात. आधी स्वतःच्या सॅकमध्ये बघा.

सड्यावरची, मुलुंड
बाटली उचलता येते. माती परत आणून घालता येत नाही. मी कचरा टाकणाऱ्यांशीही भांडते, तुम्हाला सूट देण्यासाठी ते कारण होत नाही. आणि सडा शेतकऱ्याच्या नावावर असला म्हणून तिथलं बेडूक तुमच्या चाकाखाली यायला मोकळं होत नाही.

बोरिवलीकर जिमनीवाला
विषय स्लायडरचा आहे. सड्यांसाठी वेगळा धागा काढा ना.

सड्यावरची, मुलुंड
का काढू? चासीच्या आतल्या गंजाची तुम्हाला एवढी काळजी, चाकाखालच्या जमिनीची नको?

दापोलीचा चाकरमानी
मी ताईंच्या बाजूने. आमच्या गावच्या सड्यावर आजोबा गुरं चारायचे. आता सुट्टीत मुंबईच्या गाड्या येतात, रील काढतात आणि निघून जातात. चाकोऱ्यांतून पाणी खाली वाडीत घुसतं आणि बांध आम्ही घालतो. जाब विचारला तर म्हणतात, "काका, एन्जॉय करू द्या." परवानगी कुणी दिली विचारलं की कुणाचंच नाव पुढे येत नाही.

ठाणे थार
ते आमच्या ग्रुपचे नव्हेत. पण बरं, पावसाळ्यात सड्यावर गाडी नको, हे मान्य. एवढंच मान्य. बाकी ऑफरोडिंगच बंद करा, हे मी ऐकून घेणार नाही. माळशेजकडच्या वाड्यांवर पावसात रस्ता वाहून गेला तेव्हा औषधं आमच्याच गाड्यांनी पोचवली होती.

सड्यावरची, मुलुंड
त्याबद्दल आभार, मनापासून. तरी सडा वेगळा.

वेल्डरचा मुलगा, लालबाग
मूळ मुद्द्यावर येतो. बोरिवलीकर, आतल्या रंगाचं तुमचं म्हणणं चुकीचं नाही. त्यावर इलाज आहे. चासीला मुळातच भोकं असतात, त्यांतून लांब नळी घालून मेणाचा फवारा मारायचा आणि दरवर्षी पावसाआधी पुन्हा मारायचा. पण हे करणारा गॅरेजवाला मुंबईत मलाही सहज सापडत नाही, मी स्वतःच मारतो.

बोरिवलीकर जिमनीवाला
म्हणजे दर वर्षी फवारणार असाल, भट्टीतला रॉड असेल आणि माणूस तुमच्या वडिलांसारखा असेल, तर वेल्ड चालेल. ठीक. "कुठल्याही ग्रिल-गेटवाल्याकडे अर्ध्या दिवसात" हे तरी खोटं, हे तुम्हीही मान्य कराल.

वेल्डरचा मुलगा, लालबाग
अर्ध्या दिवसात होणारं काम नाही ते. पण ग्रिलवाल्याला कळत नाही, हे वाक्य तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही.

डोंबिवली फास्ट
माझी जिमनी शनिवारी कुर्ल्याला वेल्डिंगला जाणार आहे. पाइप दारुखान्याच्या भंगारबाजारातून आणलाय, 44 मिमी बाहेरचा व्यास, भिंत 3 मिमी. आगाऊ पैसे देऊन झालेत. आता काय करू ते सांगा.

वेल्डरचा मुलगा, लालबाग
पाइप ठीक आहे. जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डच्या जागेचा घासून काढायला लावा, त्या धुराने कारागीर आजारी पडतो. प्लेट न लावता पाइप थेट चासीला लावणार असेल तर आगाऊ पैसे सोडा आणि गाडी परत आणा. बॅटरीची वायर स्वतःच्या हाताने काढा. स्लायडर आणि पत्रा यांच्यात बोट जाईल एवढी फट ठेवायला सांगा. आणि रंग मारायच्या आधी वेल्डचे जवळून फोटो इथे टाका. बघून सांगतो.