पुराच्या पाण्यात राहिलेल्या इमारतीचा ऑडिट रिपोर्ट कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी सांगलीत, नदीच्या बाजूला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45), तेव्हा पार्किंग कित्येक दिवस पाण्यात होतं. 2021 ला परत तेच. आता कॉलमच्या बुडाशी प्लास्टर फुगलंय, आणि एका कॉलमचा काँक्रीटचा पापुद्रा सुटून गंजलेली सळई बाहेर आलीय.

स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, पण रिपोर्ट वाचून सभेत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. दोन कॉलमांपुढे लिहिलंय: 'यूपीव्ही 2.8', 'हाफ सेल उणे 380', 'कार्बोनेशन 30 मिमी'. पुढे 'पीएमएम' आणि 'जॅकेटिंग'. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, सगळेच कॉलम जॅकेट करा. वर, लोणा लागलेल्या विटांच्या भिंतींना वॉटरप्रूफ गिलावा. एवढं खरंच लागतं का?

प्रतिसाद 1

यूपीव्ही म्हणजे काँक्रीटच्या आरपार ध्वनिलहरी सोडून मोजलेला वेग, किलोमीटर प्रति सेकंदात. आत भेगा, पोकळ्या असल्या की तो पडतो. 2.8 शंकास्पदच. हाफ सेल म्हणजे सळई गंजतेय का हे बघायची विजेच्या दाबाची चाचणी, आकडा मिलिव्होल्टमध्ये असतो. उणे 350 च्या पलीकडे गेला की गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. मात्र सळई किती झिजलीय ते यातून कळत नाही. त्यासाठी काँक्रीट फोडून व्यास मोजावा लागतो. तो मोजलाय का, विचारा.

कार्बोनेशन म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची सळईला गंजापासून वाचवायची ताकद किती खोलीपर्यंत गेलीय ते. हा आकडा एकटा वाचू नका, शेजारी कव्हर (सळईवरच्या काँक्रीटच्या थराची जाडी, मिमीत) बघा. कव्हर 40 असेल तर 30 पर्यंत पोचलेलं कार्बोनेशन अजून सळईला भिडलेलं नाही. कव्हर 25 असेल तर भिडलंय.

पीएमएम म्हणजे पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचं ठिगळ, वरवरच्या पडझडीसाठी. जॅकेटिंगमध्ये नवीन सळया बांधून कॉलमच जाड करतात. ज्या कॉलमांच्या चाचण्या बऱ्या आल्या त्यांना ते कशाला? कोटेशन कॉलमवार मागा.

प्रतिसाद 2

वॉटरप्रूफ गिलावा अजिबात नको. ओल आत कोंडते आणि भिंतीत आणखी वर चढते. ओलीच्या रेषेवर फूटभर जाईपर्यंत जुना गिलावा काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (धुतलात तर मीठ परत विटेत जातं) आणि उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा. नंतर चुन्याचा गिलावा. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल, करू दे.