काचेच्या अलीकडे, काचेच्या पलीकडे: पडद्यावरील विज्ञानकथांतील मित्र आणि आपण

'स्टार ट्रेक'मालेतला 1982 चा 'द रॅथ ऑफ खान' हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो माझ्या सर्वांत जवळच्या मित्रासोबत. अंतराळयान वाचवताना किरणोत्साराने मरणपंथाला लागलेला परग्रहवंशाचा स्पॉक काचेच्या एका बाजूला आणि त्याचा जुना सहकारी, मानव असलेला कर्क दुसऱ्या बाजूला. मी तुझा मित्र होतो आणि सदैव राहीन असे सांगून स्पॉक काचेवर हात टेकवतो, तेव्हा आम्ही दोघेही रडत होतो आणि एकमेकांकडे पाहण्याचे कटाक्षाने टाळत होतो. अनेक वर्षांनी तोच प्रसंग पाहून माझ्या भाचीने सहज विचारले, "मामा, यांचे एकमेकांवर प्रेम होते ना?" मला राग आला, आणि तो का आला याचे उत्तर मला अजूनही धड देता येत नाही. म्हणून हा धागा. पडद्यावरील विज्ञानकथांतल्या कोणत्या दोन पुरुषांच्या नात्याला तुम्ही मैत्री मानलेत किंवा प्रेम मानलेत, आणि त्याचा तुमच्या आयुष्याशी काय संबंध होता, ते लिहावे. निवाडा नको, अनुभव हवा.

*

मी समलिंगी आहे, आणि ज्या वयात हे मला कळत होते त्या वयात पडद्यावर माझ्यासारखे कोणीच नव्हते. 1993 मध्ये सुरू झालेल्या 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक'मालेतल्या मालिकेत गॅरक हा परग्रहावरचा शिंपी तरुण डॉक्टर बशीरला पहिल्यांदा भेटतो आणि निरोप घेताना त्याच्या खांद्यांवर हात ठेवतो, एवढेच. पण ते हात जरा जास्त वेळ तिथे राहिले असे मला वाटले. गॅरकची भूमिका करणारे अँड्र्यू रॉबिन्सन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, गॅरकला बशीरविषयी आकर्षण वाटते असे मानूनच त्यांनी तो साकारला होता. हे वाचल्यावर आपण वेडे नव्हतो याचे मला समाधान वाटले.

याच मालिकेने बशीरला ओब्रायन नावाचा एक खराखुरा मित्रही दिला. 1999 च्या एका भागात बशीर त्याच्याकडून जवळजवळ कबूल करून घेतो की प्रेम बायकोवर असले तरी सहवास त्याला बशीरचाच अधिक आवडतो. आणि तरीही ती निखळ मैत्रीच वाटते. मी माझ्या मित्राला स्वतःबद्दल सांगितले तेव्हा त्याने घाबरत विचारले, "म्हणजे मी तुला तसा आवडतो का?" मी म्हणालो, "नाही रे, तू माझा ओब्रायन आहेस." त्याने मालिका पाहिलेली नव्हती, त्यामुळे सगळे समजावून सांगावे लागले.

*

मी कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांपैकी एक. अशा कथा 1970 च्या दशकापासून चाहत्यांच्या हौशी अंकांतून फिरत होत्या, आणि दोन नावांमधल्या तिरप्या रेघेवरूनच या प्रकाराला 'स्लॅश' हे नाव पडले. स्त्री असून दोन पुरुषांबद्दल का लिहितेस, असे मला नेहमी विचारले जाते. 'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेत कर्कच्या नायिका भागागणिक बदलत. 1967 च्या एका गाजलेल्या भागात तर इतिहास पूर्ववत व्हावा म्हणून नायिकेला मरावेच लागते. पुढच्या भागातही सोबत असेल, वाद घालेल आणि बरोबरीने उभा राहील असा जोडीदार त्या यानावर कर्कला एकच होता. बरोबरीचे प्रेम मला लिहायचे होते, आणि ते मला तिथेच सापडले. 'स्टार ट्रेक'चे निर्माते रॉडनबेरी यांनीही 1979 च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटावरील आपल्या कादंबरीत स्पॉकच्या भाषेतला एक शब्द योजला आहे, ज्याचा अर्थ मित्र, भाऊ आणि प्रियकर असा तिन्ही होतो. मात्र लगेच कर्कच्या तोंडून आपली ओढ स्त्रियांकडेच असल्याचा खुलासाही करवला आहे.

*

वरील मताचा आदर राखून थोडे वेगळे लिहितो. माझा मित्र गेला त्याला आता बराच काळ लोटला. 'एनिमी माइन' या 1985 च्या चित्रपटात निर्जन ग्रहावर अडकलेला मानव आणि त्याचा परग्रहवासी शत्रू हळूहळू एकमेकांचे आधार होतात, आणि शत्रू अपत्याला जन्म देऊन मरतो तेव्हा मानव ते मूल वाढवतो. त्या नात्याला प्रेमप्रकरण म्हटले की माझ्यासारख्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. कारण मी ज्याच्यासाठी रडलो तो माझा मित्रच होता. आपल्याकडे 'जिवलग' हा शब्द आहे, आणि तो पुढचे काही विचारत नाही, हे बरे आहे.

*

माझी तक्रार निर्मात्यांबद्दल आहे. 2015 च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात पो हा वैमानिक आपले जाकीट फिन या आपल्या नव्या मित्रालाच ठेवून घ्यायला सांगतो, आणि आम्ही काही मैत्रिणी चार वर्षे त्या जाकिटावर जगलो. पो साकारणाऱ्या ऑस्कर आयझॅक यांनीही त्या शक्यतेविषयी उघडपणे आस्था दाखवली होती. 2019 च्या चित्रपटात मात्र दोघांच्याही शेजारी घाईघाईने एकेक नवी स्त्री उभी करण्यात आली. मैत्रीच दाखवायची होती तर त्या दोघींची गरज काय होती?

*

धागाकर्ता: हे सारे मी माझ्या त्या मित्राला वाचायला पाठवले. त्याने एकच दुरुस्ती कळवली आहे. तो म्हणतो की नजर चुकवत होतो ते फक्त मीच. तो शेवटपर्यंत माझ्याकडेच पाहत होता.