मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधे (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) फॉर्मवरच्या कंट्रोल्सचे, म्हणजे बॉक्स-लेबलांचे, डिफॉल्ट आधी सेट करायचे की शेवटी कोडने सगळं सरळ करायचं?

फॉर्मवाला: स्पष्टच लिहितो, पहिला टेक्स्टबॉक्स टाकायच्या आधी डिफॉल्ट न लावणारा माणूस नंतर दुप्पट काम करतो. २००७ पासून कोरा फॉर्म उघडला की कॅलिब्री ११ हा फॉन्ट येतो, कॅलिब्रीत देवनागरी नाहीच, मग विंडोज गुपचूप निर्मला नाहीतर मंगल हा देवनागरी फॉन्ट लावतं आणि बॉक्सची उंची मात्र इंग्रजीच्या हिशोबाची राहते. 'कोंढवे' लिहा, वरचं टिंब गायब, 'तृप्ती' लिहा, खालचा ऋकार गायब. त्यापेक्षा एक टेक्स्टबॉक्स टाका, फॉन्ट आणि उंची नीट करा, तो सिलेक्ट असतानाच डिझाइन टॅबवरची कंट्रोल्सची यादी पूर्ण उघडून सेट कंट्रोल डिफॉल्ट्स दाबा. पुढचे सगळे टेक्स्टबॉक्स तसेच पडतात. लेबल आणि कॉम्बोचं (यादीतून निवडायचा बॉक्स) वेगळं करायचं, तेवढं एकदा.

कोडकट्टा: "एकदा" कुठलं राव, ते त्या एका फॉर्मपुरतंच असतं. दुसरा फॉर्म उघडला की पहिले पाढे पंचावन्न. आणि आधी टाकलेले बॉक्स हलत पण नाहीत. क्लायंट शेवटच्या आठवड्यात म्हणणार अक्षर मोठं करा, साहेबांना दिसत नाही, तेव्हा काय करणार? मी विझार्डने (प्रश्न विचारत फॉर्म आपोआप बनवून देणारं साधन) फॉर्म काढतो आणि शेवटी व्हीबीए, म्हणजे ॲक्सेसमधल्या कोडच्या भाषेत, एक लूप, प्रत्येक फॉर्म डिझाइन व्ह्यूमधे उघडायचा, कंट्रोल टाइप बघून फॉन्टनेम, फॉन्टसाइझ, हाइट मारायची, सेव्ह, बंद. उंची ट्विप या मापात लागते, इंचाला १४४०, म्हणजे ०.३ इंचाला ४३२. चहा होईपर्यंत सगळे फॉर्म एकसारखे.

फॉर्मवाला: एका फॉर्मपुरतं राहत नाही हो, टेम्प्लेट कशाला आहे मग? डिफॉल्ट लावलेला फॉर्म नॉर्मल नावाने सेव्ह करा. ऑप्शन्समधे ऑब्जेक्ट डिझायनर्सखाली फॉर्म टेम्प्लेटचा रकाना आहे, तिथे मुळातच नॉर्मल लिहिलेलं असतं. विझार्ड न वापरता केलेला नवीन फॉर्म त्याच्याच सवयी उचलतो, त्यावरचे कंट्रोल मात्र उचलत नाही, फक्त प्रॉपर्टी. रिपोर्टला वेगळा रकाना आहे.

निळी शाई: ते सेटिंग मशीनवर राहतं, फाइलमधे नाही. टीममधल्या दुसऱ्याने त्याच्या मशीनवर फॉर्म केला की परत कॅलिब्री. २०१० पासून थीम आहेत ना, रंग आणि फॉन्ट थीमवर सोडा, एका क्लिकला अख्खा डेटाबेस बदलतो. तुम्ही हाताने निर्मला ठोकून बसलात की थीम बदलली तरी ते बॉक्स ढिम्म.

फॉर्मवाला: म्हणून तर नाव नॉर्मलच ठेवायचं, स्वतःचं 'माझाफॉर्म' वगैरे नाही! सगळ्यांच्या ॲक्सेसमधे आधीपासून तेच नाव असतं, फाइलमधे त्या नावाचा फॉर्म असला की काम झालं. नवीन डेटाबेस केलात तर तो फॉर्म तिकडे कॉपी करायचा, बस. आणि थीम बॉक्सची उंची वाढवते का? टिंब कापलेलंच राहणार मग ते कितीही सुंदर रंगात असो.

निळी शाई: उंचीचं मान्य. पण विझार्ड तुमच्या नॉर्मलला विचारत नाही, आणि आपल्याकडे निम्मे लोक विझार्डच वापरतात.

कोडकट्टा: तेच तर सांगतोय. शेवटी लूप लागतोच, मग आधीची मेहनत कशाला.

फॉर्मवाला: लूपने उंची वाढवली की खालचा बॉक्स वरच्याखाली दबतो, टॉप, म्हणजे बॉक्सची वरून जागा, कोण सरकवणार? आणि ऑटो लेबल, ॲड कोलन, म्हणजे आपोआप येणारं लेबल आणि त्यापुढचा कोलन? टूलबॉक्समधल्या टेक्स्टबॉक्सवर क्लिक करून प्रॉपर्टी शीट बघा, तिथे दोन्ही नो करता येतात. नाहीतर प्रत्येक बॉक्सबरोबर 'टेक्स्ट१७:' असलं लेबल चिकटून येतं, कंटिन्युअस (एकाखाली एक नोंदी दाखवणाऱ्या) फॉर्ममधे ते एकेक उडवत बसायचं.

कोडकट्टा: टॉपचा हिशोब पण कोडमधेच करतो मी. लेबलं उडवायला दोन ओळी.

फॉर्मवाला: म्हणजे आधी चुकीचं येऊ द्यायचं आणि मग ते पुसणारा कोड सांभाळत बसायचा. करा बापडे. रिपोर्टला पण चालवून बघा तो लूप, तिथे कॅन ग्रो यस असलेले बॉक्स प्रिंटला मजकुराप्रमाणे वाढतात, मग तुमचा टॉपचा हिशोब काय म्हणतो ते इथेच लिहा.