प्रति: ट्राय असताना दूरसंचार खातं हवंच कशाला?

वर कोणीतरी म्हटलंय की ट्रायकडेच, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडेच, सगळं सोपवा, केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची गरज काय. पण मुळात दोघांची कामं वेगळी आहेत हो. लायसन्स देणं, स्पेक्ट्रमचा (मोबाईल सेवेसाठीच्या रेडिओ लहरींचा) लिलाव करणं हे खात्याचं काम, त्यात ट्राय फक्त शिफारस करते आणि ती सरकारवर बंधनकारक नसते. दरांचं मात्र उलट आहे, ते ट्राय स्वतःच ठरवू शकते, म्हणून तर फेब्रुवारी 2016 मध्ये ठराविक साईट्सना वेगळा डेटा दर लावायला त्यांनी थेट बंदी घातली, सरकारच्या मंजुरीची वाट बघत बसावं लागलं नाही. पण नेट न्यूट्रॅलिटीचा (इंटरनेटवर सगळ्या साईट्सना सारखीच वागणूक) बाकीचा भाग, म्हणजे स्पीड कमी करणं, ब्लॉक करणं वगैरे, त्याची शिफारस नोव्हेंबर 2017 ला झाली आणि खात्याने ती मान्य केली जुलै 2018 मध्ये! दूरसंचारातली भांडणं सोडवणारं न्यायाधिकरण, टीडीसॅट, 2000 सालापासून वेगळंच आहे, आणि ते योग्यच, नियम करणाऱ्यानेच न्यायनिवाडा करू नये. मला खरी काळजी त्या शिफारशींची वाटते, नाकारल्या तर कारणं सविस्तर लिहून लोकांसमोर ठेवायची सक्ती खात्यावर हवी. अमेरिकेत एफसीसीने (तिथली दूरसंचार नियामक संस्था) 2015 ला नेट न्यूट्रॅलिटीचे नियम आणले, 2017 ला काढले, 2024 ला परत आणले आणि 2025 च्या जानेवारीत कोर्टाने उडवले, तेव्हा सगळं एकाच संस्थेकडे दिलं की प्रश्न सुटतो असंही नाही.