सीताफळाच्या बियांचा अर्क आणि डॅफ्नियावरची तीव्र विषारीपणाची चाचणी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पाचा विषय: सीताफळाच्या बियांचा इथेनॉलमधला अर्क आणि डासांच्या अळ्या. या बियांनी अळ्या मरतात हे आधीच बऱ्याच जणांनी दाखवलंय. बियांमधली अ‍ॅसिटोजेनिन्स नावाची रसायनं पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम बंद पाडतात. मला पुढचं हवंय. अळ्यांबरोबर त्याच पाण्यात जे बाकीचे जीव आहेत, त्यांचं काय होतं?

घाई असण्याचं कारण सांगते. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कमळाचं टाकं आहे. कमिटीतल्या एका काकांना माझ्या कामाबद्दल कळलं आणि आता ते मागेच लागलेत, "झाडाचंच आहे ना, मग टाकून टाकू, तू फक्त निर्धोक आहे असं लिहून दे." त्या टाक्यात गप्पी मासे आहेत, मांजरं तिथेच पाणी पितात, आणि टाक्यातलं जास्तीचं पाणी बागेला जातं. उवांसाठी केसांना लावलेली हीच बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. आकडा हातात आल्याशिवाय मी असं काही लिहून देणार नाही.

म्हणून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या प्रमाणित पद्धतीने डॅफ्नियावर (गोड्या पाण्यातला पिसवेएवढा बारीक जीव) ४८ तासांची चाचणी लावली. २४ तासांच्या आतली पिल्लं, अर्काच्या प्रत्येक पातळीला २०, पाच-पाचच्या चार गटांत. क्लोरीन उडालेलं पाणी, तुलनेसाठी नुसत्या पाण्याचा कंट्रोल, शिवाय सॉल्व्हंट कंट्रोल (अर्काशिवाय फक्त इथेनॉल घातलेलं पाणी). दोन्ही कंट्रोलमध्ये पिल्लं छान पोहतायत, तिथे काही प्रश्न नाही.

अडचण वरच्या पातळ्यांवर आहे. अर्क घातला की पाणी दुधाळ होतं आणि थोड्या वेळाने वर तेलाचा पातळ तवंग येतो. काही पिल्लं त्या तवंगाला पाठीने चिकटून आडवी पडतात. भिंगातून पाहिलं तर पाय हलत असतात, पण सुटता येत नाही. यांना निश्चल धरायचं का? धरलं तर ईसी५० (अर्काच्या ज्या प्रमाणाला निम्मी पिल्लं निश्चल होतात तो आकडा) खाली येतो, पण तो विषाचा आकडा की तेलाचा, हे मलाच सांगता येणार नाही. शिवाय लॅबचा एसी संध्याकाळी बंद होतो आणि सकाळपर्यंत पाणी चांगलंच तापलेलं असतं. हे काम कुणी केलं असेल तर कृपया सांगा.

पिपेटधारी, रबाळे

ताई, तवंगाचं आधी. पद्धतीत निश्चलची व्याख्या दिलेली आहे: भांडं हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही ते निश्चल. अडकलेल्या पिल्लावर ड्रॉपरने एक थेंब पाणी सोडा, ते खाली जाईल. मग १५ सेकंद बघा. पोहलं तर ते अडकलेलं होतं, आणि त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. हा रकाना अहवालात ठेवाच, परीक्षक त्यावर नक्की बोट ठेवतात.

पण खरा उपाय पाणी बनवण्यात आहे. तुमचा अर्क म्हणजे शंभर घटकांचं मिश्रण, त्यातलं निम्मं विरघळणारच नाही. प्रत्येक पातळीसाठी अर्क वेगळा तोलून पाण्यात घाला, बरेच तास सावकाश ढवळा, मग स्थिर होऊ द्या आणि मधल्या थरातलं पाणी नळीने काढून त्यात पिल्लं सोडा. एकच दाट द्रावण करून ते पातळ करत जाऊ नका. अशा वेळी आकडा 'लिटरमागे किती अर्क घातला' असा लिहायचा. ओईसीडीच्या २३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत अवघड पदार्थांसाठी हेच सांगितलंय.

कोपरीकर

तापमानासाठी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जाऊन बीओडी इनक्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारी पेटी) मागा. आपल्याकडे तो बहुधा २७ अंशांवर लावलेला असतो, कारण बीओडी, म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, तीन दिवसांची काढतात. तुम्हाला १८ ते २२ मधलं एकच तापमान हवं, ते एका अंशापेक्षा जास्त हलायला नको. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि पिल्लांचा श्वास वाढतो, म्हणजे अर्क आहे त्याहून विषारी दिसणार. शेवटी ऑक्सिजन मोजा, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर ती चाचणी धरू नका.

आणि काकांना एक सांगा. अळी आणि डॅफ्निया दोघंही संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांच्या एकाच मोठ्या गटातले. जे अळीला लागतं ते डॅफ्नियालाही लागण्याची शक्यता मोठी, प्रश्न किती फरकाने याचा आहे. एकाच पाण्यात, एकाच तापमानाला दोघांची २४ तासांची नोंद घ्या आणि दोन आकडे शेजारी ठेवा. ईसी५० लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आला तर जीएचएसप्रमाणे (रसायनांच्या धोक्यांचं जागतिक वर्गीकरण) पाण्यातल्या जीवांसाठी तो पहिल्या, म्हणजे सगळ्यात घातक वर्गात जातो. मग झाडाचा असो की कारखान्याचा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तोलून ढवळण्याची पद्धत उद्यापासूनच लावते, इनक्युबेटरसाठी मॅडमशी बोलते. माशांवर आणि मांजरांवर काय परिणाम होईल, हे यातून कळेल का?

पिपेटधारी, रबाळे

नाही कळणार. माशांसाठी ओईसीडीचीच २०३ क्रमांकाची ९६ तासांची चाचणी आहे, सस्तन प्राण्यांसाठी ४२३, ती उंदरांवर. दोन्हींना प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी लागते, सोसायटीच्या टाक्यासाठी ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवरची २३६ क्रमांकाची चाचणी जमली तर बघा. आणि गप्पी अळ्या खातातच ना? मग त्या टाक्यात अर्क हवाच कशाला?

डॅफ्निया ठीक आहेत का हे तपासायला पोटॅशियम डायक्रोमेट (तुलनेसाठी वापरायचं ठरलेलं विष) लावाल, २४ तासांचा ईसी५० लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यायला हवा. ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, क्रोमियमच्या कचऱ्याची बाटली वेगळी ठेवा.