इतकी काटकसर करूनही बिलं उतरत नाहीत – मदत हवी आहे

मोगरी (धागाकर्ती)

लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल, कारण घरातल्यांचा धीर सुटत चाललाय. आम्ही सगळ्यांनी मिळून काटकसर मनावर घेतली आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद. सगळे दिवे एलईडी. फोन चार्ज झाला की चार्जर काढून ठेवायचा, टीव्ही रिमोटने न करता बटणानेच बंद करायचा. दात घासताना नळ बंद. कपडे धुतलेलं पाणी फरशीला. उरलेलं अन्न आधी संपवायचं, मगच नवीन करायचं. धाकटी तर झोपायच्या आधी सगळ्या खोल्यांमधून फिरून दिवे तपासून येते.

तरी विजेचं बिल जवळजवळ तेवढंच आहे आणि पाण्याचं उलट वाढलंय. मुलं विचारतात, मग आपण हे करतोय कशाला? अजून काय काय बंद करता येईल ते सांगा. "वीज जपून वापरा" असले सल्ले कृपया नकोत, तेच करतोय.

आकडेमोड

बिल तेवढंच म्हणजे रक्कम तेवढी की युनिट तेवढे? दर वाढला असेल तर युनिट कमी होऊनही रक्कम तीच दिसते. शिवाय स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो, तो तुम्ही महिनाभर घर बंद ठेवलंत तरी लागतो. मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग यातला फरक सांगा. आणि रीडिंग खरंच घेतलंय की सरासरी लावलीय तेही बिलावर बघा.

जुनीजाणती

मोगरी, तू साफसफाईला काय वापरतेस ते लिहिलंच नाहीस. बाजारातली रंगीबेरंगी द्रावणं बंद कर. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र कर, फरशी, नळ, बेसिन, काच, सगळं लख्ख होतं. माझ्या घरात वर्षानुवर्षं दुसरं काही येत नाही. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

खटपट्या

जुनीजाणतीताई, आदर राखून असहमत. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्क. एकत्र केले की फसफसतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. फेस बघून बरं वाटतं, पण दोघांचीही ताकद त्यात संपते. वेगवेगळे वापरा: नळावरच्या पांढऱ्या क्षारांना व्हिनेगर, चिकट तेलकटपणाला सोडा. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

जुनीजाणती

खारट पाण्याने माझं बेसिन इतकी वर्षं स्वच्छ होतंय असं म्हणायचंय का तुम्हाला?

खटपट्या

घासल्यामुळे होतंय, ताई. हात तुमचा चालतो, श्रेय सोडा-व्हिनेगरला जातं.

मोगरी

साफसफाईचा प्रश्न नाहीये हो. विजेचं विचारलंय.

@आकडेमोड, रीडिंग खरं घेतलेलं आहे. युनिट थोडे कमी झालेत, पण अगदी थोडे. इतकं करून एवढाच फरक पडावा हेच पटत नाही.

फिटरकाका

पाणी कशावर तापवता? घरात माणसं किती? पाणी वरच्या टाकीत चढवायला स्वतःचा पंप आहे का? हे तिन्ही कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

हिरवळ

ओल्या कचऱ्याचं काय करता? बादलीला वास येत असेल तर कोरडा पाला किंवा कागदाचे तुकडे कमी पडताहेत. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडं घाला, आठवड्यातून एकदोनदा खालीवर करा, हवा खेळली की वास जातो. मुठीत दाबल्यावर थेंब दोन थेंब पाणी आलं तर ओल बरोबर आहे. धार लागली तर जास्त. खत तयार झालं की मातीसारखा वास येतो.

मोगरी

@हिरवळ, कचरा मी विचारला नव्हता, पण वास येतो हे खरं आहे. कागद घालून बघते.

@फिटरकाका, माणसं पाच. गीझर आहे, टाकीचा. त्याचं बटण फार उंच आहे, म्हणून तो चालूच असतो, पाणी तापलं की आपोआप बंद होतोच की. पंप आहे, पण तोही आपोआप चालतो, वरची टाकी रिकामी झाली की. त्याकडे आम्हाला बघावं लागत नाही.

आकडेमोड

मोगरी, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! आता हिशेब करू.

एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास. नऊ वॉटचा दिवा चार तास विसरून राहिला तर ३६ वॉट-तास जळले. २००० वॉटचा गीझर तेवढी वीज ६५ सेकंदांत घेतो. नुसता सॉकेटमध्ये राहिलेला चार्जर साधारण पाव वॉट घेतो. असे आठ चार्जर महिनाभर लावून ठेवले तरी दीड युनिट होत नाही.

आता पाणी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. वीस लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं तर जवळपास ०.४७ युनिट. पाच माणसं रोज प्रत्येकी एवढं गरम पाणी घेत असतील तर महिन्याला सुमारे ७० युनिट नुसत्या आंघोळीत. त्यावर टाकी तापलेली ठेवायची वीज वेगळी. गीझर "आपोआप बंद होतो" म्हणजे पाणी निवलं की आपोआप चालूही होतो, रात्री दोन वाजतासुद्धा. चांगल्या टाकीतून दिवसाला अर्धा-पाऊण युनिट असं उडून जातं, जुन्या टाकीतून अधिक.

अजून काय बंद करता येईल, असं विचारलं होतंत. हा बंद करा. आंघोळीच्या आधी चालू, शेवटच्या माणसाची झाली की बंद. आणि बटण हाताशी येईल असं खाली घ्या, वायरमनकडून. आठवणीवर विसंबलेली सवय टिकत नाही.

खटपट्या

टाकी काढून इन्स्टंट गीझर बसवा, प्रश्न मिटेल.

आकडेमोड

इन्स्टंट गीझर ३००० वॉटचा असतो. पाणी तेवढंच, अंश तेवढेच, तर वीजही तेवढीच लागणार. वाचते ती फक्त साठवणुकीतली उष्णता, आणि ती बटण वेळेवर बंद करूनही बरीचशी वाचते. चालू स्थितीतली वस्तू काढून नवी आणायची यात काटकसर कुठे?

वाचकमात्र

मी टाकीचं तापमान ४५ वर आणून ठेवलंय. तेवढंच पुरतं, निवण्याचं प्रमाणही कमी.

फिटरकाका

४५ वर पाणी साठवून ठेवू नका. त्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतात. साठवायचं तर ६० च्या आसपास तापू द्या, वापरताना गार पाणी मिसळा. वीज वाचवायची ती वेळेत वाचवा, तापमानात नको. लहान मुलं असतील तर चटका बसणार नाही याची काळजी घ्या, आधी गार पाणी, मग गरम.

मोगरी, आता पाण्याकडे या. बिल वाढलंय ना? फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाका. अर्धा तास कोणी फ्लश करायचं नाही. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गेलंय. ही गळती भांड्याच्या कडेने सरकते, आवाज नाही, थेंब नाही, कळतच नाही. माझ्या कामात हेच सगळ्यात जास्त सापडतं. टपकणारा नळ निदान टोचत राहतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला चार-सव्वाचार लिटर. फ्लश मिनिटाला पाव लिटर गाळत असेल तर दिवसाला ३६० लिटर.

खटपट्या

म्हणजे पंपही उगाच चालतोय! विजेचा चोर तोच असणार.

आकडेमोड

पंप चालतोय, पण मुख्य चोर तो नाही. तासाला २००० लिटर चढवणारा पंप ३६० लिटरला अकरा मिनिटं घेईल. एक अश्वशक्तीचा असेल तर तासाला एक युनिटाच्या आसपास जातं, म्हणजे दिवसाला ०.२ युनिट, महिन्याला सहा. तेही वाचवावंच, पण ते प्रामुख्याने पाण्याचं नुकसान आहे. दोन बिलांची दोन वेगळी कारणं आहेत, एकाच दोरीने बांधू नका.

वाचकमात्र

अवांतर: अन्नाचा मुद्दा मोगरींनी एका ओळीत उरकला, पण मला वाटतं घरातली खरी नासाडी तिथेच असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतलं. हॉटेलांचं नव्हे, आपलं. आम्ही फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा "आधी हे संपवा" म्हणून ठेवलाय. जे मागे सरकतं तेच सडतं.

जुनीजाणती

याला पूर्ण सहमत. आणि यादी केल्याशिवाय बाजारात जायचं नाही. पोट भरलेलं असताना जायचं, म्हणजे जास्तीचं उचललं जात नाही. स्वयंपाकाचंही एक सांगते: उकळी आली की आच कमी करा. झाकण ठेवा. मोठ्या आचेने पाणी जास्त तापत नाही, नुसतं उडून जातं.

आकडेमोड

जुनीजाणतीताईंचं हे शंभर टक्के बरोबर. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही. प्रेशर कुकरमध्ये ते १२० च्या आसपास जातं, म्हणून तिथे वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं.

मोगरी

रंग टाकला. खालच्या संडासात काही नाही, वरच्या संडासात दहा मिनिटांतच निळं पाणी उतरलं. तो पाहुणे आले तरच वापरला जातो, म्हणून मी त्याचा विचारच केला नव्हता.

गीझरसाठी मीटर बघितलं. रात्री कोणी पाणी वापरत नसताना गीझर चालू ठेवून आणि मग बंद ठेवून, झोपताना आणि उठल्यावर रीडिंग लिहून घेतलं. फरक पाव युनिटाहून जास्त आहे, नुसत्या रात्रीचा. थोरला आता घरातल्या प्रत्येक वस्तूवरचे वॉट वहीत लिहितोय. त्याचा प्रश्न: सेट टॉप बॉक्स बंद असताना गरम का लागतो?

आकडेमोड

कारण तो बंद नसतो, नुसता झोपलेला दिसतो. काही जुने बॉक्स त्या अवस्थेतही दहा वॉट घेतात, म्हणजे महिन्याला सात युनिट. चार्जरपेक्षा तो काढायला सांगा.

थोरल्याला अजून एक काम द्या. मीटरवर युनिटामागे किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२००. लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. एकेक एमसीबी (मेन बोर्डावरचा, घराच्या त्या त्या भागाचा खटका) बंद करत मिनिटाला किती लुकलुकतो ते मोजू द्या. मग कोणती वस्तू किती खाते ते त्याला कोणालाच विचारावं लागणार नाही. मीटरच्या काचेबाहेरूनच बघायचं, हात लावायचा नाही.

खटपट्या

फ्रिजच्या दाराचं रबरही तपासा. दारात कागदाचा कपटा अडकवून ओढा, सहज निघाला तर थंडावा बाहेर जातोय. रबर आधी साबणाच्या पाण्याने पुसा, पुष्कळदा नुसता चिकट मळ असतो. आत ४ अंश, फ्रीझर उणे १८, त्याहून थंड करायची गरज नाही.

मोगरी

धाकटीला विचारलं, दिवे तपासायचं थांबवायचं का? म्हणाली नाही, पण आता गीझरचा लाल दिवा पण मीच बघणार. तिच्या यादीत सगळ्यात वर तो घातलाय.

@फिटरकाका, फ्लशचं रबर स्वतः बदलता येतं का? की माणूस बोलवावा लागेल?

फिटरकाका

स्वतः करा, सोपं आहे. टाकीखालचा कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा. आतलं रबर कसं अडकलंय त्याचा फोटो काढून ठेवा, मग ते काढा. जुनं रबर बरोबर घेऊनच दुकानात जा, मापं वेगवेगळी असतात. नवं बसवण्याआधी ते ज्या कडेवर टेकतं ती कड बोटाने चाचपा. क्षार जमून खरखरीत झाली असेल तर तिथे व्हिनेगरचं फडकं तासभर ठेवा, नाहीतर नवं रबरही गळेल. बसवून झालं की पुन्हा रंग टाकून बघा.

जुनीजाणती

बघा, शेवटी व्हिनेगर लागलंच.

खटपट्या

लागलं. पण सोड्याशिवाय.